एरिन, ईरान आणि आर्य : एका नामसाम्याची तपासणी

प्राचीन आयर्लंडच्या दंतकथांचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, आयर्लंडचे काव्यमय नाव ‘एरिन’ हे ‘ईरान’प्रमाणेच ‘आर्य’ या शब्दापासून आले आहे काय, आणि तसे असल्यास पहिल्या प्रकरणाला ‘पश्चिमेची आर्यभूमी’ असे शीर्षक देता येईल काय. आयरिश ‘री’ म्हणजे आपला ‘राजा’च, असेही त्यांच्या वाचनात आले आहे. दोन्ही विधाने एकाच तऱ्हेची असल्यामुळे एकतर दोन्ही खरी असावीत किंवा दोन्ही खोटी, असा त्यांचा कयास आहे. तो बरोबर नाही. ‘एरिन’ आणि ‘आर्य’ यांचा काहीही संबंध नाही, ‘री’ आणि ‘राजा’ यांचा मात्र अगदी सख्खा आहे. ‘एरिन’चेही संस्कृतात एक नातलग आहेच, पण ते ‘आर्य’ नव्हे, आणि ऐकताना ते जराही सारखे वाटत नाही.

आधी ईरानचा भाग बाजूला काढू, कारण तो निर्विवाद आहे. ‘ईरान’ हे ‘आर्याणाम्’ या षष्ठी बहुवचनाच्या जुन्या इराणी भावंडावरून आले आहे. त्याचा अर्थ ‘आर्यांचा (देश)’ असा होतो. तिसऱ्या शतकातील सासानी सम्राट स्वतःला ‘एरानचा शाहान्शाह’ म्हणवून घेत, आणि त्या ‘एरान’मधला शेवटचा ‘न’ हा षष्ठीच्या प्रत्ययाचा अवशेष आहे. आता ‘एरिन’मधला ‘न’ पाहा. आठव्या-नवव्या शतकातील जुन्या आयरिश भाषेत या देशाचे नाव प्रथमेत ‘एऱ्यू’, षष्ठीत ‘एरेन्’ आणि चतुर्थीत ‘एरिन्’ असे चालते. आपल्या ‘राजन्’ शब्दाचे जसे प्रथमेत ‘राजा’ होते, तिथे ‘न्’ दिसत नाही आणि ‘राजनि’, ‘राजानम्’ या रूपांत तो पुन्हा प्रकट होतो, तसाच हा प्रकार आहे. ‘एऱ्यू’ हे नकारान्त नाम आहे आणि ‘एरिन’ हे त्याचे चतुर्थीचे रूप इंग्रजी कवींनी मूळ नाव समजून उचलले. कुणी परदेशी माणसाने ‘पुण्यास’ ऐकून शहराचे नावच ‘पुण्यास’ ठरवावे, तसे ते झाले. म्हणजे ज्या ‘न’मुळे ईरान आणि एरिन ही नावे जुळी वाटतात, तो एका ठिकाणी षष्ठीचा प्रत्यय आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मूळ प्रातिपदिकाचे अंत्य व्यंजन.

परंतु ‘न’ निकालात निघाला तरी ‘एर्’ उरतोच, आणि ‘एर् म्हणजे आर्य’ असे म्हणणारे म्हणतीलच. त्यांना उत्तर द्यायचे तर ‘एऱ्यू’च्या आधीची रूपे पाहावी लागतात. सुदैवाने ती परक्यांनी नोंदवून ठेवली आहेत. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात या बेटाचे नाव ‘इउएर्निआ’ असे दिले आहे आणि बेटाच्या नैर्ऋत्य भागात राहणाऱ्या एका जमातीला तो ‘इउएर्नोइ’ म्हणतो. पुढे मन्स्टर प्रांतात ‘एरान’ नावाचा जो लोकसमूह आयरिश वंशावळींत भेटतो, तो याच नावाचा वारस आहे. वेल्श भाषेत आजही आयर्लंडला ‘इवेर्थोन’ म्हणतात. टॉलेमीच्या आणि वेल्श रूपांत मधोमध एक ‘व’ आहे; ग्रीक लिपीत तो ‘उ’ असा उमटला आहे. आयरिश भाषेने दोन स्वरांमधला ‘व’ गिळून टाकला आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचे स्वर एकमेकांत मिसळून ‘एऱ्यू’ तयार झाले. मूळ रूप ‘ईवेर्यू’ असे होते. ‘आर्य’मध्ये ‘व’ कुठेच नाही, त्यामुळे वादाचा निकाल इथेच लागतो.

रोमन लोकांनी मात्र हेच नाव ‘हिबेर्निआ’ असे केले. सीझर तसेच लिहितो. त्यांच्या भाषेत ‘हिबेर्नुस’ म्हणजे हिवाळी. तो शब्द आपल्या ‘हिम’ आणि ‘हेमंत’ यांचा नातलग आहे. उत्तरेकडचे थंड बेट आणि तोंडात बसलेला ओळखीचा शब्द, मग नावाला ‘ह’ चिकटायला कितीसा वेळ लागणार? पुढे मध्ययुगीन पंडितांना ‘हिबेर्निआ’मध्ये ‘हिबेरिआ’, म्हणजे स्पेन, ऐकू येऊ लागला. अकराव्या शतकात रचल्या गेलेल्या ‘आयर्लंडच्या ताब्याचे पुस्तक’ या संकलनात आयरिश बोलणाऱ्या गेल लोकांचे पूर्वज, म्हणजे मीलचे पुत्र, स्पेनहून जहाजांनी आले असे जे सांगितले आहे, त्याला या शब्दसाम्याचा चांगलाच हातभार लागला असावा. परके नाव कानाला ओळखीचे वाटले की त्यात आपला शब्द शोधायचा, ही खोड आपल्याआधी दोन हजार वर्षे इतरांना होती, असे म्हणून प्रश्नकर्त्यांनी स्वतःचे समाधान करून घ्यायला हरकत नाही.

आता ‘ईवेर्यू’चा अर्थ. इथे आयरिश आणि वेल्श ज्या शाखेतल्या, त्या केल्टिक भाषांची एक विलक्षण सवय लक्षात घ्यावी लागते. भारतापासून युरोपपर्यंतच्या भाषाकुळाची जननी असलेल्या मूळ भारोपीय भाषेतला ‘प’ या भाषांनी शब्दारंभी आणि दोन स्वरांमध्ये पूर्णपणे टाकून दिला. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, पण जुन्या आयरिशमध्ये ‘अथिर’. संस्कृत ‘पूर्ण’, आयरिश ‘लान’. संस्कृत ‘नप्तृ’, ज्यापासून आपला ‘नातू’ आला, त्याच्याच घराण्यातला आयरिश शब्द ‘निआ’, म्हणजे भाचा. म्हणून शब्दारंभी स्वर असलेला केल्टिक शब्द समोर आला की, त्याच्या आधी एखादा ‘प’ होता काय, हे विचारावेच लागते. ‘ईवेर्यू’ला तो ‘प’ परत दिला की ‘पीवेर्यू’ होते, आणि संस्कृत जाणणाऱ्याला लगेच ‘पीवरी’ आठवते.

‘पीवन्’ म्हणजे पुष्ट, धष्टपुष्ट. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘पीवरी’. ग्रीक भाषेत हीच जोडी ‘पीओन’ आणि ‘पिएइरा’ अशी आहे, आणि त्यातले स्त्रीलिंगी रूप कसदार जमिनीला विशेषण म्हणून लागते. ‘पी’ म्हणजे फुगणे, भरणे, पुष्ट होणे. ‘पयस्’ म्हणजे दूध हा शब्द आणि ‘आप्यायन’, ‘पीन’, ‘पीवर’ हे शब्द याच कुळातले आहेत. आपल्या पंडित कवींना ‘पीन’ आणि ‘पीवर’ ही विशेषणे कोणत्या अवयवांसाठी प्रिय होती, हे सांगण्याची गरज नाही. आयर्लंडच्या नावात मात्र हेच विशेषण जमिनीला लागले आहे : भरलेली, कसदार, दुधातुपाची भूमी. ज्या बेटावर बारमाही पाऊस आणि बारमाही हिरवे गवत असते आणि जिथे माणसाची श्रीमंती दुभत्या गाईंच्या संख्येवर मोजली जात होती, त्या बेटाला हे नाव शोभून दिसते.

इथे एक सावधगिरी. मराठीत या अर्थासाठी आपण ‘सुपीक’ म्हणतो, म्हणून ‘पीक’ आणि ‘पीवरी’ यांची सांगड घालण्याचा मोह होईल. तो आवरावा. ‘पीक’ आणि ‘पिकणे’ हे ‘पक्व’वरून आले आहेत. ‘पिवळा’ही या घरातला नव्हे.

मग ‘आर्य’ची कल्पना आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जिनिव्हाचे भाषाभ्यासक आदोल्फ पिक्ते यांनी ती मांडली आणि भारतापासून आयर्लंडपर्यंत पसरलेल्या भाषाकुळाच्या दोन्ही टोकांना एकच नाव सापडल्याचा आनंद इतका मोठा होता की, पुढच्या संशोधनाने ती खोडून काढली तरी लोकप्रिय लिखाणातून ती हटली नाही. तिला आधार देणारा आणखी एक आयरिश शब्द होता, तो म्हणजे ‘अरे’. जुन्या आयरिश कायद्यात ‘अरे’ म्हणजे स्वतंत्र, प्रतिष्ठित गृहस्थ, आणि त्याच्या वरच्या-खालच्या पायऱ्या ठरलेल्या असत. त्यांतल्या ‘बोअरे’ या पायरीचा शब्दशः अर्थ ‘गाईवाला गृहस्थ’ असा आहे. त्यातला ‘बो’ हा आपल्या ‘गो’चा खराखुरा भाऊ. या ‘अरे’चे ‘आर्य’शी नाते असल्याचे काही अभ्यासक मानतात. इतर अभ्यासक तो ‘पुढे, अग्रभागी’ अशा अर्थाच्या शब्दापासून काढतात आणि त्याची रूपे ककारान्त चालतात याकडे लक्ष वेधतात. म्हणजे तिथे वाद आहे. तो कोणत्याही बाजूने सुटला तरी देशाच्या नावाला त्यातून काही मिळत नाही. ‘आर्य’चा वारसा शोधायचाच असेल तर इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. प्राकृत ‘अज्ज’मार्गे तो आपल्या ‘आजा’ आणि ‘आजी’मध्ये घरोघरी बसलेला आहे.

याच ओघात ‘एरेमोन’ या आयरिश राजाला ‘अर्यमन्’ ठरवणारेही काही आहेत. दंतकथेप्रमाणे मीलचे दोन पुत्र, एबेर आणि एरेमोन, यांनी बेटाची दक्षिण आणि उत्तर अशी वाटणी केली. पण ही नावे वंशावळ रचणाऱ्यांनी देशाच्या नावांवरूनच घडवलेली दिसतात. ‘एबेर’ हा ‘हिबेर्निआ’वरून, ‘एरेमोन’ हा ‘एऱ्यू’वरून. अशा घडीव नावाचा पूर्वज म्हणून वैदिक देवतेला पुढे करण्यापूर्वी बराच विचार करावा, असे मला वाटते.

देशनावाची खुद्द आयरिश कथा यापेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि अनुवादकाने तिच्यावर भर द्यावा. मीलचे लोक किनाऱ्यावर उतरून आत निघाले, तेव्हा त्यांना एकामागून एक तीन राण्या भेटल्या : बान्बा, फोद्ला आणि एऱ्यू. तिघी तुआथा दे दानान या दैवी लोकांच्या. प्रत्येकीने एकच मागणे मागितले की, बेटाला माझे नाव असावे. एऱ्यू भेटली ती बेटाच्या मध्यभागी, उश्नेखच्या टेकडीवर. तिने त्यांचे स्वागत केले आणि हे बेट सदासर्वकाळ तुमचे राहील असे भाकीत सांगितले. त्यांचा कवी अवर्गिन याने तिला शब्द दिला की, तेच या बेटाचे मुख्य नाव राहील. बान्बा आणि फोद्ला ही नावेही कवितेत आयर्लंडसाठी वापरली जातात, पण १९३७च्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमात देशाचे नाव म्हणून एऱ्यूचेच आजचे रूप, ‘एर’, नोंदलेले आहे. अवर्गिनचा शब्द खरा ठरला म्हणायचा.

आता ‘री’. मूळ भाषेतला दीर्घ ‘ए’ संस्कृतात ‘आ’ झाला, लॅटिनने ‘ए’ राखला आणि केल्टिकने त्याचा ‘ई’ केला. म्हणून ‘राज्’, ‘रेक्स’ आणि ‘री’. हा एकट्या शब्दाचा योगायोग नव्हे, कारण नेमक्या याच नियमाने संस्कृत ‘मास’ला लॅटिन ‘मेन्सिस’ आणि आयरिश ‘मी’, म्हणजे महिना, हे जोडीदार आहेत. ‘री’ची षष्ठी ‘रीग्’ अशी होते आणि दडलेले व्यंजन बाहेर येते. सीझरशी लढलेल्या केल्टिकभाषी गॉल सरदाराच्या ‘व्हेर्किंगेतोरिक्स’ या नावाच्या शेवटी तोच ‘रिक्स’ आहे. राणीला जुन्या आयरिशमध्ये ‘रीगन’ म्हणत. ‘राज्ञी’पासून घासत घासत आलेली आपली ‘राणी’ आणि ही ‘रीगन’ एकाच धातूच्या लेकी आहेत. ‘एरिन’ आणि ‘आर्य’ यांच्यामध्ये असा एकही नियम उभा करता येत नाही.

शब्द एक असला तरी पद एक नव्हते, ही गोष्ट अनुवादात सांभाळावी लागेल. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘राजा’ म्हटले की किल्ले, फौजफाटा आणि सिंहासन उभे राहते. आयरिश ‘री’ हा ‘तूअथ’ नावाच्या एका लहानशा लोकसमूहाचा प्रमुख असे, आणि असे समूह बेटावर एका वेळी सुमारे दीडशे होते. त्याच्या वर अनेक तूअथांचा ‘रुइरी’ आणि त्याच्याही वर प्रांताचा राजा असे. ताऱ्याचा, म्हणजे टेकडीवरील तारा या स्थळाचा, ‘अर्द री’ किंवा महाराजा हे बिरुद पुष्कळ काळ दाव्यापुरतेच होते. साधारण इसवी सन ७००च्या सुमाराच्या ‘क्रीथ गव्लख’ या कायदाग्रंथात राजाच्या आठवड्याचे वेळापत्रकच दिले आहे : रविवारी मद्यपान, सोमवारी न्यायनिवाडा, मंगळवारी ‘फिथ्खेल’ हा पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्र्यांची धाव पाहणे, गुरुवारी पत्नीसहवास, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती आणि शनिवारी पुन्हा निवाडे. लिहिणाऱ्याने त्यात थोडी गंमतही केली असावी. पण राजाला इतका जवळून ओळखणारी प्रजा किती लहान असेल, हे यावरून कळते.

तरीही ‘री’साठी ‘देशमुख’ किंवा ‘सरदार’ वापरू नये. देशमुख हा वरच्या सत्तेचा वतनदार. ‘री’ वरच्या राजाला ओलीस आणि खंडणी देत असला तरी आपल्या तूअथमध्ये तो राजाच होता आणि त्याचे पद कुणाच्या सनदेवर अवलंबून नव्हते. ‘राजा’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘एका गणाचा राजा’ असे म्हणावे. ‘तूअथ’साठी ‘राज्य’ नको, कारण तो शब्द आधी माणसांचा आहे आणि मग जमिनीचा. वेदातला ‘जन’ किंवा सरळ ‘गण’ त्याच्या जवळ जातो. प्रांताला जुना शब्द ‘कोगेद’, म्हणजे पाचवा हिस्सा, ‘पंचमांश’. त्यातला ‘कोग’ हा आपल्या ‘पंच’चाच भाऊ. प्रांत आज चारच मानले जातात, तरी आधुनिक आयरिशमध्ये प्रांताला ‘पाचवा’ अशाच अर्थाचा शब्द चालतो.

राहिला लेखनाचा मुद्दा. ‘एर्यू’ असा रफार दिल्यास मराठी वाचक ‘आर्य’प्रमाणे त्याआधीच्या अक्षरावर आघात देईल आणि डोळ्यालाही तो पुन्हा ‘आर्य’कडेच नेईल. मूळ उच्चारात ‘र’ मऊ, तालव्य आहे. त्यामुळे ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’मधला ऱ घेऊन ‘एऱ्यू’ लिहिणे अधिक बरोबर ठरेल. ‘एरिन’ इंग्रजी कवितेच्या अनुवादापुरते ठेवावे. आणि प्रकरणाच्या शीर्षकात संस्कृत हवेच असेल, तर ‘पश्चिमेची आर्यभूमी’ काढून ‘पीवरी’ घालावे.