सांगलीत मुलांसाठी ऋतूनुसार चालणारी शिबिरं आणि वर्ग कुठे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत तुमच्या शहराचा रिक्रिएशन विभाग दर हंगामाला एक पुस्तिका काढायचा. उन्हाळी शिबिर, पोहणं, चित्रकला, ज्येष्ठांची योगासनं, सगळं एकाच ठिकाणी नोंदवता यायचं. आता तुम्ही विश्रामबागला राहायला आला आहात. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची, सासूबाई सोबत. आणि तुमचा प्रश्न आहे की सांगलीत अशी सोय कुठे आहे.

मी इथल्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तशी एकत्र पुस्तिका इथे मिळत नाही. पण त्या पुस्तिकेत जे असतं, त्यातलं बरंचसं सांगलीत चालतं. फक्त ते मंडळं, तालमी, शाळा, नाट्यसंस्था आणि महापालिका यांच्यात वाटलेलं आहे, आणि वेळापत्रक ठरतं ते शाळेच्या सुट्ट्या आणि कृष्णेच्या पाण्यावर.

असं का, ते आधी सांगतो. राज्याच्या 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, गटारं, रस्ते, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं आहेत. बागा, क्रीडांगणं, पोहण्याचे तलाव ऐच्छिक कामांत येतात. पुढे 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं शहरांच्या विषयांत घातली, पण पैसा वाटताना गटार आधी आणि मैदान नंतर हा क्रम काही बदलला नाही. त्यामुळे सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली झालेली आपली महापालिका जागा देते, नाट्यगृहं आणि बागा सांभाळते, आणि त्या जागेत रोज उभं राहून मुलांना शिकवण्याचं काम बहुतेक वेळा मंडळाचा कुणीतरी करतो. अनेकदा बिनपगारी. या माणसांपर्यंत पोचलात की तुमचं काम झालं.

आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून आधी पोहण्याचं. वार्षिक परीक्षा संपल्या की एप्रिल-मे मध्ये जलतरण तलावांवर शिकाऊ मुलांच्या बॅचेस सुरू होतात आणि पहिली बॅच बघता बघता भरते. मार्चच्या मध्यालाच चौकशी करा. जाल तेव्हा चार गोष्टी स्वतः बघा. उथळ भागात खोली कुठे लिहिलेली आहे का. एका शिक्षकामागे मुलं किती. जीवरक्षक पाण्याच्या काठावर उभा असतो की ऑफिसात बसलेला असतो. आणि तळाची फरशी वरून स्पष्ट दिसते का. तळ दिसत नसेल तर फी कितीही कमी असो, त्या तलावात मूल घालू नका.

तुम्हाला शेजारीपाजारी हमखास कुणीतरी सांगेल की आम्ही तर नदीतच शिकलो. खरं आहे ते. माझ्या पिढीतली निम्मी सांगली घाटावर पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून शिकली. डबा नीट बांधणं ही एक कलाच होती. दोर काखेतून घेऊन छातीवर गाठ मारायची, डबा खांद्याच्या खाली पण कमरेच्या वर बसवायचा. खाली सरकला की तोंड पाण्यात जायचं. चार दिवसांनी डब्यात थोडं पाणी भरायचे, म्हणजे तरंगण्याचा आधार हळूहळू कमी होतो आणि हातपाय आपोआप काम करू लागतात. ज्या दिवशी डबा सुटला त्या दिवशी घाटाच्या पायरीवरून मुटका मारायची परवानगी मिळायची.

तरीही मुलांना पहिला धडा नदीत देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात त्या नेहमी दिसतात, सांगलीपर्यंत येतात, आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. मगरीची मादी उन्हाळ्याच्या सुमारास काठावर अंडी घालते आणि त्या जागेची राखण करते, म्हणजे नेमका आपला सुट्टीचा काळ. शिवाय शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं आणि उन्हाळ्यात पात्रात पाणी कमी असतं. तलावात दोन हंगाम पक्के झाल्यावर, रोज नदीत उतरणाऱ्या मोठ्या माणसांच्या घोळक्यात मुलगा जाऊ दे. एकटा कधीच नको.

उन्हाळ्यातलं दुसरं म्हणजे मैदानी शिबिरं. शिवाजी क्रीडांगण आणि तरुण भारत व्यायाम मंडळाचं मैदान या दोन ठिकाणी आधी चक्कर मारा. खो-खो, कबड्डी, मल्लखांब, अॅथलेटिक्स, क्रिकेट असं बरंच काही सकाळी लवकर चालतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही उन्हाळी प्रशिक्षणाची चौकशी करा. क्रिकेटकडे पालकांचा ओढा जास्त असतो, आणि कारणही आहे. विजय हजारे 1915 साली सांगलीत जन्मले, आणि 2025 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीतच वाढली, इथल्याच मैदानांवर खेळली. पण आठ वर्षांच्या मुलीसाठी मी आधी खो-खो सांगेन. त्याला साहित्य म्हणून दोन खांब लागतात, बाकी काही नाही. पळणं, वळणं, झेप घेणं, बसल्या जागेवरून एका क्षणात उठणं, आणि पाठीमागून आलेला आवाज ऐकून निर्णय घेणं, हे सगळं त्यात येतं. पुढे ती कुठलाही खेळ खेळली तरी पाय तयार असतात.

पावसाळ्यात मैदानं चिखलाची होतात आणि बरेच वर्ग बंद पडतात. हा काळ कुस्तीच्या तालमीचा. मुलाला रस असेल तर एखाद्या तालमीत वस्तादांना भेटा. हौद्यातली तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, लिंबू आणि हळद घालतात. सांगलीत हळदीला तोटा नाही. नव्या मुलाला पहिले काही आठवडे कुस्ती लावत नाहीत. फावड्याने माती उकरायची, मग जोर आणि बैठका. पालकांना वाटतं मुलाला राबवून घेतात, पण माती उकरण्यातच खांदे आणि कंबर तयार होते. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने याच मुलखातले, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं घेतली. तालमीत विचारायची एकच गोष्ट: लहान मुलांची वेळ मोठ्यांपासून वेगळी आहे का. असली तर निर्धास्त पाठवा.

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी अख्खं शहर फुटांत मोजतं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून या दोन महिन्यांसाठी आगाऊ मोठी फी भरून ठेवू नका, आणि नदीकाठच्या भागातला वर्ग असेल तर पुरात बंद राहिलेल्या दिवसांचं काय, ते आधीच विचारा. पूर ओसरला आणि पात्र भरून संथ वाहू लागलं की होड्यांच्या शर्यती होतात. सांगलवाडी, समडोळी, डिग्रज, कवठेपिरान अशा नदीकाठच्या गावांच्या लांबोळक्या होड्या, एका तालात पडणारी वल्ही, घाटावर आणि पुलावर उभी माणसं. मुलांना जरूर दाखवा, याला तिकीट नसतं. त्याच सुमाराला शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी गणपतीसाठी लेझमाचा सराव चालतो. तुमच्या भागातल्या मंडळात सांगून ठेवलंत तर दोन्ही मुलांना घेतील. नवीन माणसाची ओळख व्हायला त्यासारखी दुसरी जागा नाही.

दिवाळीत किल्ले बांधायचे, ते कुणी शिकवावं लागत नाही, अंगणात माती आणि दगड दिले की झालं.

त्यानंतरचे महिने नाटकाचे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली इथेच पहिलं मराठी नाटक मानल्या जाणाऱ्या सीतास्वयंवराचा खेळ केला, म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी त्यांच्या नावाचं गौरवपदक सांगलीत दिलं जातं. तो कार्यक्रम झाला की पुढे नाट्यस्पर्धांची गडबड सुरू होते. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला बालनाट्यात घालायला हेच वय बरोबर. नाटकाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालत असतील तर नको म्हणा. चांगला दिग्दर्शक मुलांना आठच्या आत घरी सोडतो. आणि भूमिका छोटी मिळाली म्हणून काढून घेऊ नका. पडदा ओढणं, दिवे लावणं, दुसऱ्याचं वाक्य ऐकून मग आपलं बोलणं, हे तिथे शिकायला मिळतं. भावे नाट्यमंदिराच्या दारातला फलक वाचायची सवय लावा. महापालिकेचं दीनानाथ नाट्यगृह आणि मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह, तिथेही तेच करा.

गाण्याची आवड असेल तर मिरज जवळच आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो आणि मिरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. दोन्हीकडे श्रोता म्हणून कुणीही जाऊन बसावं. येताना सतारमेकर गल्लीत भोपळ्याची सतार घडताना मुलांना बघू द्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

सासूबाईंसाठी आमराई उद्यान. सकाळी सहा ते आठ तिथे चालणारे, प्राणायाम करणारे, नुसते बाकावर बसून गप्पा मारणारे असे गट असतात. नाव नोंदवावं लागत नाही. दोन-तीन दिवस एकाच वेळी गेल्या की कुणीतरी स्वतःहून हाक मारतं.

तुमची पुस्तिकेची अपेक्षा मात्र अगदी रास्त आहे, ती सोडू नका. महापालिकेने वर्षातून दोनदा, मार्चला आणि ऑक्टोबरला, एका पानावर इतकंच छापावं: कोणतं मैदान, कोणता तलाव, कोणत्या वेळा, किती फी, कुणाला भेटायचं. ते पान शाळांत वाटलं तर फी परवडत नाही अशा घरच्या मुलांनाही कळेल की मैदान त्यांचंही आहे. आजघडीला ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचीच मुलं शिबिरात पोचतात, आणि हे मला शिक्षक म्हणून कायम सलत आलं आहे. तुम्ही तिकडची एखादी जुनी पुस्तिका जपून ठेवली असेल तर तिची प्रत जोडून क्रीडा विभागाला आणि तुमच्या नगरसेवकांना अर्ज द्या. नमुना समोर असला की अधिकाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. अर्ज लिहायला मी मदत करेन, खाली कळवा.

तलावावर जाताना दोघांचे फोटो, वयाचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन जा, नाहीतर दुसरा हेलपाटा पडतो. मुलीच्या खो-खोसाठी मात्र सुट्टीची वाट बघू नका. शाळा सुटल्यावर साडेपाचच्या सुमाराला तिला मैदानावर घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी नुसतं कडेला बसून बघू द्या.