बॅरिटोन की टेनर? भांडायच्या आधी सांधा ऐका

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या ग्रुपमध्ये क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीवरून कायमचं भांडण आहे. एक म्हणतो एवढ्या वर गातोय म्हणजे टेनरच (पुरुषांचा उंच आवाज), दुसरा म्हणतो त्याच्या मुलाखती ऐक, बोलतोय चक्क बॅरिटोनमध्ये (टेनरच्या खालचा, मधला आवाज), आणि तिसरा म्हणतो चार सप्तकं गाणाऱ्याला कसला आलाय प्रकार. गाण्याच्या टेक्निकवरून खरा आवाज ओळखता येतो का? येत असेल तर ऐकायचं नेमकं काय?

तिसऱ्या मित्राचं आधी घेते, कारण त्याचं लवकर आटपतं. 2016 मध्ये आवाजाचे अभ्यासक ख्रिश्चन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेडीच्या रेकॉर्डिंग्जचा व्यवस्थित अभ्यास केला, त्यात त्यांना सापडलेला पल्ला म्हणजे खाली साधारण 92 हर्ट्झचा एफ-शार्प आणि वर 784 हर्ट्झचा जी. 37 सेमीटोन, म्हणजे अर्धे स्वर, होतात हे, म्हणजे तीन सप्तकं आणि वर एक अर्धा स्वर. चार सप्तकांचा दावा काही सिद्ध झाला नाही. तीन सप्तकं पण भरपूर आहेत हो, पण त्यावरून आवाजाचा प्रकार कळत नाही, कारण पल्ला म्हणजे फक्त कुठून कुठपर्यंत आवाज पोचतो एवढंच, त्यातल्या कुठल्या भागात तो सुखाने नांदतो ते त्यात येतच नाही.

दुसऱ्या मित्राला हा अभ्यास आवडेल, कारण त्यात फ्रेडीच्या मुलाखतीतलं बोलणंही मोजलंय आणि ते 117 हर्ट्झच्या आसपास निघालं, जे बॅरिटोनला शोभेल असं आहे. म्हणून त्यांचा अंदाज असा की माणूस बहुतेक बॅरिटोन, गायचा मात्र टेनरसारखा. पण अंदाज हा शब्द सोडू नका. बोलण्याची पट्टी बरीचशी सवयीने ठरते, कोणी रुबाब यावा म्हणून खाली बोलतं, कोणी वाक्याच्या शेवटी आवाज घशात घासत सोडून देतं, आणि असं बोलणारे अस्सल टेनर भरपूर आहेत. बोलणं हा एक धागा म्हणून ठेवा, निकाल म्हणून नको.

आता मुद्द्याचं. सूर वर चढवताना गळ्यात दोन स्नायूंची देवाणघेवाण चालते. एक स्नायू स्वरतंतूंच्या आतलाच, तो त्यांना आखूड नि जाड ठेवतो, छातीचा भरीव आवाज येतो तो त्याच्या जोरावर. दुसरा स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा, तो तंतू ताणून लांब आणि पातळ करतो. वर जाता जाता पहिल्याने सोडत जायचं आणि दुसऱ्याने घेत जायचं, आणि ही अदलाबदल ज्या पट्ट्यात होते त्याला शिकवणारे पासाज्जो म्हणतात, मी आपलं सांधा म्हणते. या सांध्याला एक सुरुवात असते आणि एक शेवट, आणि आवाज ओळखायचा तर हाच सांधा सापडायला हवा. ऑपेराच्या शिक्षणात टेनरचा सांधा ढोबळमानाने मधल्या सी च्या वरच्या डी पासून जी पर्यंत धरतात, म्हणजे 294 ते 392 हर्ट्झ. बॅरिटोनचा त्याहून खाली, मधल्या सी च्या खालच्या बी पासून वरच्या ई पर्यंत, 247 ते 330. पेटीवर बघायचं तर टेनरचा मधल्या सप्तकातल्या पांढरी दोन ते पांढरी पाच, आणि बॅरिटोनचा त्याच्या खालच्या पांढरी सातपासून पांढरी तीनपर्यंत. अर्थात माणसागणिक अर्धा एक स्वर इकडेतिकडे होतोच.

एवढं महत्त्व सांध्यालाच का, तर रियाजाने पल्ला बराच वाढतो, दमसास वाढतो, आवाजाचा रंगसुद्धा बदलता येतो, पण सांध्याची जागा फारशी हलत नाही कारण ती तंतूंची लांबी-जाडी यावर बेतलेली असते. रंगाचंही तसंच थोडंफार, टेनरची तंतूंपासून ओठांपर्यंतची नळी साधारणपणे बासपेक्षा, म्हणजे पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या आवाजापेक्षा, आखूड असते म्हणून तो उजळ वाटतो, पण इथे फसायला जास्त वाव आहे. स्वरयंत्र खाली दाबून आणि जीभ मागे ओढून कोणीही गडद आवाज काढू शकतं.

आणि पॉपमध्ये घोळ असा की चांगल्या गायकाची सगळी मेहनतच सांधा लपवण्यात गेलेली असते. मिक्स म्हणतात ते हेच, छातीचा आवाज आणि वरचा पातळ आवाज असे बेमालूम जोडायचे की कुठे पलटला ते कळूच नये. शिवाय बेल्ट आहे, म्हणजे छातीचा आवाज सांध्याच्या पुढेही खेचत न्यायचा, तोंड मोठं उघडून, स्वरयंत्र थोडं वर येऊ देऊन, आ आणि ए चांगले रुंद करून. वरून माइक. ऑपेराचा गायक माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर ऐकू यावा म्हणून 3000 हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक खास धार आणतो, पॉपवाल्याला त्याची गरजच नाही, तो कुजबुजला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातं. त्यामुळे त्याने कुठला सूर घेतला यापेक्षा तो कसा घेतला ते ऐका.

मी काय ऐकते ते सांगते. चढता सूर नाही, उतरता ऐका. वर जाताना गायक तयारीत असतो, येताना बेसावध, आणि वरच्या पातळ आवाजातून खाली येताना छातीचा आवाज जिथे परत पकडतो तिथे एक बारीकशी खट्कन जागा ऐकू येते. मग स्वरांचा उच्चार, आ म्हणता म्हणता त्याचा अ किंवा ओ व्हायला लागला की समजायचं सांधा आला, कारण तोंडाचा आकार बदलून तो तिथून निभावून नेतोय. हळू गायलेल्या ओळी जोरकस ओळींपेक्षा जास्त बोलतात, जोर लावला की सगळं झाकलं जातं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, एकच सूर दोन गायकांच्या गळ्यातून ऐका. मधल्या सी च्या वरचा ई घ्या. टेनरच्या तोंडी तो निवांत वाटेल, बॅरिटोनच्या तोंडी तोच सूर ताणलेला, तापलेला, काहीतरी घडतंय असा वाटेल. सूर तोच, पण एकाचं अजून बोलल्यासारखं चाललंय आणि दुसरा आरोळीच्या उंबरठ्यावर आलाय.

फ्रेडीचं माझं मत विचाराल तर स्टुडिओतलं गाणं पुरावा म्हणून धरूच नका, तिथे थरावर थर चढवलेले असतात आणि हवे तेवढे टेक घेता येतात. लाइव्ह ऐका. तिथे तो वरच्या जागा बऱ्याचदा खाली उतरवून घ्यायचा, आणि यावरून लगेच बॅरिटोन म्हणू नका, त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या, तोही हिशोब धरायला हवा. मला तो वरच्या बाजूचा बॅरिटोन वाटतो, ज्याने कामधंदा टेनरचा केला. तुमच्या टेनरवाल्या मित्राला हे पटणार नाही आणि त्याला मी अडवू शकत नाही, कारण ही नावं मुळात ऑपेरात कोणाला कुठली भूमिका द्यायची यासाठी पडलेली आहेत आणि फ्रेडीला ती कोणी कधी दिली नाही.

प्रश्न : अ‍ॅडेलचा आवाज एवढा जाड नि भारदस्त, तरी लोक तिला मेझो-सोप्रानो (बायकांचा मधला आवाज) म्हणतात. काँट्राल्टो (सगळ्यात खालचा) का नाही?

कारण जाड म्हणजे खालचा नव्हे. आवाजाचं वजन वेगळं आणि त्याची उंची वेगळी, वजनदार सोप्रानोही, म्हणजे बायकांतले सगळ्यात उंच आवाजही, असतात. अ‍ॅडेलची गाणी आठवा, धृपदात जीव ओतला जातो तो कुठे? मधल्या सी च्या वरच्या सी कडे आणि त्याच्याही पुढे, छातीच्या जोरात. तिचं घर तिथे आहे, खाली ती कडव्यापुरती येते. आता द कार्पेंटर्सची गायिका कॅरन कार्पेंटर ऐका. तिचं उलट, ती खालीच राहते आणि तिथेच आवाज सगळ्यात उबदार, काही ढकलावं लागत नाही, शब्द स्पष्ट. कानाला विचारायचं ते एवढंच की खाली गेल्यावर आवाज भरतो का विरतो. विरत असेल, हवा जास्त नि सूर कमी येत असेल, किंवा शेवटी नुसती घरघर उरत असेल, तर तो सूर माइकने उचललाय, गळ्याने नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोची आहे. त्यांचा खालचा सांधा सगळ्यांचाच मधल्या सी च्या थोडा वर, जवळजवळ पडतो, म्हणून तिथून फारसं काही कळत नाही. फरक कळतो तो वरच्या सांध्यात, सोप्रानोचा साधारण त्याच्या पुढच्या सप्तकातल्या एफ-शार्पपाशी आणि मेझोचा त्याच्या अर्धा-एक स्वर खाली. आणि पॉपमध्ये बायका तिथपर्यंत मोकळ्या वरच्या आवाजात क्वचितच जातात, त्या जागेच्या आधीच बेल्ट करून थांबतात. म्हणजे ज्या जागेवर निकाल लागायचा ती जागा गाण्यात येतच नाही. म्हणून कोणी एखाद्या पॉप गायिकेला छातीठोकपणे काँट्राल्टो म्हणालं की मी जरा सावरून बसते. अस्सल काँट्राल्टो ऑपेरातसुद्धा दुर्मिळ आहेत, आणि चाहत्यांच्या यादीत मात्र दर चौथी गायिका काँट्राल्टो.

प्रश्न : मराया कॅरी शिट्टीसारखे सूर लावते, म्हणजे ती सोप्रानोच ना?

त्या सुरांवरून तरी नाही ठरवता येत. शिट्टीचा आवाज हे वेगळंच रजिस्टर, म्हणजे आवाज काढायची वेगळीच तऱ्हा आहे, तिथे तंतू नेहमीसारखे काम करत नाहीत. वरची शिट्टी लागते म्हणून सोप्रानो म्हणणं आणि पुरुषाचा खोटा आवाज, म्हणजे फॉल्सेटो, वर जातो म्हणून त्याला टेनर म्हणणं, दोन्ही सारखंच. भक्कम बासचासुद्धा फॉल्सेटो चांगला वर जातो. ठरवायचं तर तिचं मधलं गाणं ऐका, शिट्टी बाजूला ठेवून.

प्रश्न : वयाने किंवा ऑपरेशनने आवाजाचा प्रकार बदलतो का? जुने गायक सगळे खालच्या पट्टीत गायला लागतात.

पट्टी खाली आणणं आणि प्रकार बदलणं वेगळं. वयाने तंतूंची लवचिकता कमी होते, वरचे सूर महाग पडतात, मग अख्खं गाणं एक-दीड स्वर खाली घेतात, यात काही लाज नाही. एल्टन जॉनच्या गळ्याचं 1987 मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतरचा आवाज स्पष्टपणे जड झाला, पूर्वीचा फॉल्सेटो जवळपास गेलाच, आधीची नि नंतरची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज लागोपाठ ऐकलीत तर कोणाला सांगावं लागणार नाही.

आणि तज्ज्ञांचंही यात एकमत असतं असं समजू नका. ऑपेराचा गायक प्लासिदो डोमिंगो 1959 मध्ये मेक्सिकोत ऑडिशनला गेला तो बॅरिटोन म्हणून, ऐकणाऱ्यांनी सांगितलं अरे तू टेनर आहेस. मग जगातला एक मोठा टेनर झाला, आणि 2009 पासून परत बॅरिटोनच्या भूमिका गायला लागला. त्यावर काही समीक्षकांनी नाकं मुरडली, की भूमिका बॅरिटोनची आहे पण आवाज अजून टेनरचाच ऐकू येतोय. मला विचाराल तर ते बरोबर होते, खालचे सूर लागले म्हणून रंग बदलत नाही.

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे, बँडमध्ये गातो. माझा प्रकार मी घरच्या घरी कसा शोधू?

सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा सगळेच बास असतात. थोडं गाऊन गळा गरम झाल्यावर, हळू आवाजात, उ वर, खालून वर एका ओढीत सूर सरकवत न्या आणि तसाच खाली आणा. जोर अजिबात लावू नका, आवाज पलटायचा असेल तिथे पलटू द्या. फोनवर रेकॉर्ड करा, पलटण्याची जागा पेटीवर नाहीतर ट्यूनर अ‍ॅपवर शोधा. वेगवेगळ्या दिवशी केलंत आणि जागा साधारण तीच आली तर तो तुमचा सांधा, वर दिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. बँडचं कुठलं गाणं अर्धा तास गायल्यावरही बोलताना आवाज ताजा राहतो आणि कुठल्याने बसतो, हेही टिपून ठेवा, कारण सुखाचा टप्पा त्यातूनच कळतो.

फक्त 19 व्या वर्षी शिक्का मारून घेऊ नका. मुलांचा आवाज फुटल्यावर स्थिर व्हायला बरीच वर्षं जातात, विशीच्या मध्यापर्यंत रंग आणि वजन बदलत राहतं, जड आवाजांना त्याहून जास्त वेळ लागतो. सध्या गाण्याची पट्टी आपल्या सांध्याप्रमाणे बदलून घ्या, मूळ गायक ज्या पट्टीत गायला त्याच पट्टीत गायचा हट्ट सोडा, गिटारवाल्याला कॅपो (तारा दाबून पट्टी बदलणारा चिमटा) लावायला सांगा. आणि गाऊन आवाज बसला आणि दोन-तीन आठवडे सुटलाच नाही तर प्रकार-बिकार राहू द्या, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून या.