ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घराण्याचा माग : सुरुवात आजीपासून

तुम्ही लिहिलंय, 'आम्ही महादजींबरोबर ग्वाल्हेरला आलो' एवढंच घरात सांगतात, मूळ गाव कुणाला ठाऊक नाही, आजी ८४ वर्षांची आहे, आणि पुण्याला जाऊन पेशवे दफ्तर (पेशवाईतल्या कागदांचा संग्रह) बघावं का? दफ्तर कुठे जात नाही. आजीजवळ आधी बसा, याच आठवड्यात.

'आपले पूर्वज कोण होते' असं विचारू नका. त्यावर तुम्हाला पुन्हा महादजीच ऐकायला मिळतील. 'तू लग्न होऊन आलीस तेव्हा वाड्यात कोण कोण होतं, कोण कुठल्या खोलीत निजायचं, सासूचं माहेर कुठलं, नवरात्रात काय काय करायचात' असं विचारा. मोबाईलवर आवाज टिपत राहा आणि मध्ये बोलू नका. माझी आत्या पणजोबांबद्दल दोन वाक्यांच्या पुढे जात नव्हती. कुळधर्माला पुरण किती लागायचं हे विचारल्यावर मात्र कोण कुठून जेवायला यायचं ते तासभर सांगत बसली, आणि त्यातच आमच्या कुलदैवताचं ठाणं निघालं.

दुसरा कागदही घरातच असतो, आणि बहुतेकांना तो कागद वाटतच नाही. तो म्हणजे महालयाची यादी. पितृपक्षात गुरुजी ज्या नावांनी पिंड देतात, ती नावं वडिलांच्या किंवा काकांच्या वहीत लिहिलेली असतात. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. आईकडचे तीन पुरुष. शिवाय काका, मामा, आत्या, मावशी, सासरे, सगळे गोत्रासकट. यादी वडिलांची असेल तर त्यांचे पणजोबा म्हणजे तुमचे खापरपणजोबा. एका पानावर एवढ्या पिढ्या, त्याही बायकांच्या नावांसह, दुसरीकडे क्वचित मिळतात. नेहमीच्या वंशावळीत मुली गाळलेल्या असतात. तुम्ही नवी लिहाल तेव्हा कृपा करून गाळू नका, आणि प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव व गाव लिहा.

यादीतल्या तिथ्या उतरवताना जपा. घरातली तिथी आपल्या अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपणाऱ्या, पंचांगाची असते, तर इकडच्या ग्वाल्हेरच्या कागदांवर उत्तरेची पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला महिना संपणारी, गणना असू शकते. शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो, वद्य पक्षात नाव बदलतं : आपला भाद्रपद वद्य तो इथला आश्विन कृष्ण. आणि शिंदेशाही राज्यात विक्रम संवत् चालायचा. इसवी सनासाठी त्यातून ५७ वजा करा, संवताच्या अखेरच्या महिन्यांत (जानेवारीपासून चैत्रापर्यंत) ५६. माझ्या पणजीची तिथी कार्तिक शुद्ध, आणि एका जुन्या पत्रात वर्ष संवत् १९७५. म्हणजे १९१८ चा नोव्हेंबर, इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस. आजोबा आत्याकडे का वाढले, हे मला त्या दिवशी कळलं.

आता महादजींचं. ते १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. शिंद्यांची राजधानी तेव्हा उज्जैन होती. त्यांचे वारस दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, तो लष्कर. 'चिटणीस की गोठ'सारखी मोहल्ल्यांची नावं त्या सरदार-कारभाऱ्यांच्या वस्त्यांची आठवण आहेत. तेव्हा तुमचं घराणं खरंच महादजींच्या वेळी आलं असेल, तर आधी उज्जैनला राहिलं असण्याचा संभव मोठा. घरची गोष्ट खोटी म्हणून टाकू नका, तिचा मुक्काम बदलून बघा. उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावरच्या तीर्थपुरोहितांकडे चौकशी करा, नाशिक-त्र्यंबकेश्वर नंतर.

या पुरोहितांच्या, यात्रेकरूंची नावं टिपलेल्या वह्या बहुधा मूळ गाव, जात आणि आडनावावर लावलेल्या असतात. गावच माहीत नसेल तर गोत्र, कुलदैवत आणि घरातल्या जुन्या सोयरिकी सांगा. आडनाव बदललंय का तेही बघा, कारण हुद्द्यावरून पडलेल्या नावाच्या मागे एखादं गावावरून आलेलं '-कर' दडलेलं असतं. नाशिकला मला पणजोबांची मोडीतली सही दिसली. त्यांचा फोटो आमच्याकडे नाही. त्या सहीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. पुरोहित काही बोलले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

मोडी तुम्हाला शिकावी लागेल, निदान नावं आणि वर्षं वाचण्यापुरती. मराठी कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, आणि उलट्या क्रमाने : 'इहिदे अशर मयातैन व अल्लफ' म्हणजे एक, दहा, दोनशे, हजार, १२११. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १८१०-११.

एका चुकीत माझी दोन वर्षं गेली. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, म्हणून एकाच नावाचे माणूस दर दुसऱ्या पिढीत येतात, शिवाय चुलत घरातही. एका सनदेवर मी पणजोबांच्या आजोबांचं नाव वाचलं आणि हरखून गेलो. वडिलांचं नाव जुळवून बघितलंच नाही. तो माणूस वेगळ्याच घराण्यातला निघाला. तेव्हापासून मी नाव, वडिलांचं नाव आणि ठिकाण ही तिन्ही जुळल्याशिवाय एक पिढीही मागे जात नाही.

मधल्या पिढ्यांसाठी शाळेतलं जनरल रजिस्टर, घराचे नामांतरणाचे कागद बघा. जहागीर किंवा इनाम असेल तर तेव्हाच्या मध्य भारत राज्यातल्या १९५१ च्या जहागीर निर्मूलनाच्या वेळचे घरचे अर्ज शोधा. पेशवे दफ्तराकडे वळायचं ते मूळ गाव हाती आल्यावर. तिथे कोट्यवधी कागद आहेत, गाव आणि परगणा नसेल तर रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) उघडून उपयोग नाही.

आजीशी बोलणं झालं की यादीतली नावं-तिथ्या मला पाठवा. घरात मोडी कागद सापडला तर त्याला इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन काही करू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो काढा, मागची बाजूही. वाचून देईन.