२ मीटर जाड राफ्टवर (इमारतीखालच्या पायाच्या सलग काँक्रीटवर) सतत गार पाणी मारलं तर सिमेंट घट्ट होताना आत तयार होणारी उष्णता लवकर उतरते का? ऊब टिकवायला वर घातलेलं झाकण कधी काढावं?

नाही उतरत. उलट भेगा पडतात. काँक्रीटमधून उष्णता फार सावकाश सरकते; जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो. तुमच्या २ मीटरच्या राफ्टवर दिवसभर पाइप सोडून ठेवलात तरी गाभ्याला त्याचा पत्ता लागणार नाही.

यावरून एका वरिष्ठांशी माझं कडाक्याचं वाजलं होतं. राफ्ट असाच जाड, आतलं तापमान मोजायला थर्मोकपल बसवलेले. गाभा ६८ अंश, पृष्ठभाग ५२, म्हणजे फरक आवाक्यात. वर प्लास्टिक, गोणपाट आणि थर्माकोल मीच घालून घेतलं होतं. साहेबांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "एवढं तापलंय आणि झाकून ठेवता? उघडा, पाणी मारा." मी रीडिंगचा कागद पुढे केला, त्यांनी पाहिलाही नाही. काही तासांत पृष्ठभाग ३५ वर आला; गाभा जागचा हलला नाही. वरचा थर आकसायला बघतोय, आतला गरम गाभा त्याला आकसू देत नाही, आणि कोवळ्या काँक्रीटला ताण सोसत नाही. सकाळी भेगा दिसल्या. अहवालात कारण लिहिलं गेलं, सिमेंट खराब. हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. कागद बोलत होता.

उष्णता कमी करायची ती माल ओतण्याआधी: सिमेंट कमी, फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) जास्त, मिक्सरमध्ये बर्फ. गाभा ७० च्या वर जाऊ देऊ नका. पाण्यानेच थंड करायचं तर नळ्या आतच पुराव्या लागतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हूवर धरणात तेच केलं होतं.

झाकण? गाभा आणि बाहेरची हवा यांतला फरक २० च्या खाली आला की काढा, तेही थराथराने. हा २० चा आकडा ढोबळ आहे. चुनखडीची खडी असेल तर थोडा जास्त फरक चालतो, क्वार्ट्‌झाइटची असेल तर कमी. आणि ओलावा हवाच. आळी करून साठवलेलं पाणी तिथेच राहून कोमट झालं तर चालतं, सारखं बदलू नका.

पातळ स्लॅबवर मात्र बिनधास्त पाणी मारा, तिथली उष्णता आपोआप निघून जाते. साहेबांचा सगळा अनुभव अशा स्लॅबचा होता आणि तिथे तो खराही होता. तो त्यांनी राफ्टवर लादायला नको होता.