वाचकांचे प्रश्न : जागेचं मिनिट, वेळेचं मिनिट

प्रश्न : डिचोलीजवळ आमचं वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग आहे. मोजणीच्या नकाशावर कोपऱ्याच्या दगडापाशी ‘१५ अंश ३५ मिनिटे २५ सेकंद उत्तर’ असं लिहिलंय. भाच्याने त्याच दगडावर फोन ठेवून पाहिलं, तर फोनने १५ अंश ३५.४२ मिनिटे दाखवलं. २५ कुठे आणि ४२ कुठे! शेजारी म्हणतात, नकाशाच चुकलाय, पुन्हा मोजणी करून घ्या. आणि मुळात जमीन मोजायला मिनिट नि सेकंद कशाला? घड्याळाचा जागेशी काय संबंध?
— एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर : ताई, मोजणीचा अर्ज करण्याआधी ३५ नंतरचा तो ठिपका पाहा. ते दशांश चिन्ह आहे. ३५ मिनिटं पूर्ण, आणि पुढच्या मिनिटाच्या शंभर भागांतले ४२ भाग. मिनिटाचे सेकंद साठ, म्हणून ०.४२ ला ६० ने गुणायचं. उत्तर येतं २५.२. नकाशाही २५ सेकंदच सांगतोय. उरला ०.२ सेकंद, म्हणजे जमिनीवर सहाएक मीटर. फोनने दशांशानंतर दोनच आकडे दाखवलेत, शिवाय माडा-पोफळींच्या गर्दीत त्याचं गणित थोडं हलतंच. तुमचा नकाशा आणि भाच्याचा फोन एकाच दगडाबद्दल बोलतायत. मात्र तेच ४२ जर कुणी सेकंद म्हणून कागदावर उतरवले, तर तुमचा दगड अर्धा किलोमीटर उत्तरेला सरकेल. म्हणून खरेदीखत असो वा अर्ज, आकडा लिहिताना अंश-मिनिटं-सेकंद लिहिलेत की दशांश मिनिटं, हे शब्दांत लिहायला लावा. आणि हद्दीचा तंटा असेल तर फोनवर विसंबू नका, तिथे मोजणीदाराचाच कागद चालतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याच्यावर माझा फार जीव आहे. मी बोटीवर सेकंड मेट होतो. व्यापारी जहाजावर नकाशे आणि घड्याळं ही सेकंड मेटची जबाबदारी, त्यामुळे दोन्ही जातींची मिनिटं रोज हाताखालून जायची.

मिनिट आणि सेकंद यांचा जन्म घड्याळात झालेला नाही. वर्तुळाचे ३६० अंश आणि पुढे साठाचे भाग, ही रीत बाबिलोनी लोकांची. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीने दुसऱ्या शतकात ती वापरली. त्याचं गणित लॅटिनमध्ये आलं तेव्हा अंशाच्या साठाव्या भागाला ‘पार्स मिनुटा प्रिमा’ म्हणजे पहिला बारीक भाग म्हणू लागले, आणि त्याच्याही साठाव्याला ‘पार्स मिनुटा सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. पहिल्यातला ‘बारीक’ राहिला, त्याचं मिनिट झालं. दुसऱ्यातला ‘दुसरा’ राहिला, त्याचा सेकंद झाला. परीक्षेतला सेकंड नंबर, गाडीचा सेकंड गिअर, सभेत ठराव ‘सेकंड’ करणारा आणि जहाजावरचा सेकंड मेट, सगळे त्या ‘दुसऱ्या’चेच. तासाचे असे भाग ज्योतिषी गणितात करायचेच, पण घरोघरच्या घड्याळात मिनिटकाटा आला तो डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ केल्यानंतर. त्याआधी युरोपातली बहुतेक घड्याळं तासकाट्यावरच चालायची.

म्हणजे तुमच्या कुळागरात घड्याळ घुसलेलं नाही. वर्तुळाचं मिनिट घड्याळानेच उसनं घेतलंय.

पृथ्वीच्या गोलावर उत्तर-दक्षिण एक मिनिट सरकलं की झाला एक सागरी मैल. विषुववृत्तापाशी तो थोडा आखूड, ध्रुवापाशी थोडा लांब भरतो, म्हणून १९२९ साली १८५२ मीटर हा आकडा पक्का केला. आम्ही नकाशावर अंतर घ्यायचो ते डिव्हायडर उघडून, नकाशाच्या डाव्या-उजव्या काठावरच्या अक्षांशाच्या पट्टीवर, तेही आपण जिथे आहोत त्याच्याच उंचीला. वरच्या-खालच्या रेखांशाच्या पट्टीवर अंतर मोजलं की कप्तान पेन्सिल काढून घ्यायचा, आणि ते बरोबरच होतं. रेखांशाची मिनिटं ध्रुवाकडे आकसत जातात. गोव्याचा पसारा १४ अंश ५३ मिनिटे ५४ सेकंदांपासून १५ अंश ४८ मिनिटांपर्यंत, म्हणजे काणकोणच्या टोकापासून पेडण्याच्या टोकापर्यंत सरळ उत्तरेला चोपन्न सागरी मैल. वजाबाकी केली की अंतर हातात.

घोटाळा होतो तो पूर्व-पश्चिम मोजताना, कारण तिथे दोन्ही मिनिटं एकाच गणितात येतात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशाला वेळेची ४ मिनिटं, आणि जागेच्या एका मिनिटाला वेळेचे ४ सेकंद. संध्याकाळी क्षितिज दिसतंय आणि तारेही उगवलेत, अशा थोड्या वेळात आम्ही सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र, लावायचो. त्याच्या आरशात तारा क्षितिजाला टेकवला की मी ‘स्टॉप’ म्हणायचो, आणि क्रोनोमीटरपाशी, म्हणजे बोटीवरच्या अचूक घड्याळापाशी, उभा असलेला कॅडेट (शिकाऊ अधिकारी) आधी सेकंद लिहायचा, मग मिनिट, मग तास. उलट क्रमाने गेलं तर तास लिहून होईपर्यंत सेकंद निघून गेलेला असतो. चार सेकंद चुकले तर आपल्या किनाऱ्यापाशी बोट सुमारे १८०० मीटर भलतीकडे दिसणार. आग्वादच्या खडकांजवळ ही चूक परवडत नाही.

आपल्याकडे हा घोटाळाच नव्हता, आणि मला ते फार मोठं वाटतं. पंचांगात वेळेला घटी-पळे, आणि ग्रहाच्या जागेला अंश-कला-विकला. साठाचंच गणित, पण नावं वेगळी. जागेच्या एका मिनिटाला कला म्हणायचं. वेळेचे चार सेकंद म्हणजे एक प्राण, एका शांत श्वासाइतका काळ. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हे दोन्ही जुळवून ठेवलं : एका प्राणात एक कला. क्रोनोमीटरपाशी आम्ही ज्या चार सेकंदांना जपायचो, तेच हे. शाळेत रेखांश शिकवताना मुलांना हे सांगायला हवं. ‘एका अंशाला चार मिनिटं’ हे पाठ करून घेण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

प्रश्न : घड्याळात बारा वाजतात तेव्हा पणजीत सूर्य डोक्यावर का नसतो? — इयत्ता आठवी, म्हापसा

उत्तर : बाळा, आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे रेखांशाचं आहे. पणजी आहे सुमारे ७३ अंश ५० मिनिटांवर. फरक ८ अंश ४० मिनिटांचा, त्याला चाराने गुण : ३४ मिनिटे ४० सेकंद. म्हणून आपली खरी दुपार सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. पृथ्वीची वर्षभराची चाल सारखी नसते आणि तिचा आस कललेला असतो, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला ती १२.४९ पर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ लाच होते. सूर्य अगदी डोक्यावर पाहायचा असेल तर मेचा पहिला आठवडा किंवा ऑगस्टचा दुसरा धर, आणि ऑगस्टात पाऊस उघडला पाहिजे. अंगणात काठी सरळ उभी रोव. सावली नाहीशी होईल ती वेळ लिही, आधी सेकंद, मग मिनिट.

प्रश्न : जुन्या पंचांगातली घटी-पळे तासांत कशी करायची? — एक वाचक, मडगाव

उत्तर : घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. घटींना दोनाने गुणून पाचाने भागलं की तास मिळतात. तिथी २७ घटी ३० पळे असेल तर ११ तास. हे तास त्या दिवसाच्या सूर्योदयापासून मोजायचे, मध्यरात्रीपासून नाही. सूर्योदय ६.२० चा असेल तर तिथी संध्याकाळी ५.२० ला संपली. पंचांग कुठल्या गावच्या सूर्योदयावर केलंय ते पहिल्या पानांत दिलेलं असतं, ते आधी पाहून घ्या.