सुरतची गाडी की आयटीआय?

पत्र : सर, मी चोपडा तालुक्यातला. दहावीला ७८ टक्के पडले. आबा केळी कापायला जातात, माय निंदणी-वेचणी करते. बहीण सातवीत आहे. मामा सुरतला साडीच्या दुकानात आहेत. ते म्हणतात, चल, पंधरा दिवसांत कामाला लावतो. मला शिकायचंय. मेहनतीला मी घाबरत नाही. मेहनतीनं गरिबी जाते ना?

उत्तर : बाळा, तुझ्या कागदाच्या कोपऱ्यावर काळपट डाग आहे. केळीच्या चिकाचा. धुऊनही जात नाही तो. म्हणजे सुटीत तूही कापणीला जातोस. मग मेहनतीबद्दल मी तुला काय सांगावं? डोक्यावर चुंबळ ठेवून घड वाहणाऱ्या आबांची मेहनत कुठे कमी पडली? नुसत्या मेहनतीनं गरिबी गेली असती, तर तुमच्या गल्लीत एकही घर गरीब उरलं नसतं.

साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड बघ. जन्माआधीच वडील गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. पोरगा हुशार आहे हे गावच्या शिक्षकांनी हेरलं आणि तो नवोदय विद्यालयात गेला. पुढे मुंबईत एमबीबीएस, २०१३ च्या तुकडीत आयएएस, नंदुरबारचे जिल्हाधिकारीही होते. जिद्द त्यांचीच, पण नवोदयचं दार शिक्षकांनी दाखवलं. भाषणांत नेमका हाच भाग गाळतात.

तुझ्यासाठी मला दिसतं ते दार सरकारी आयटीआयचं. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घे, दोन वर्षांचा आहे, फीही झेपेल. मग अप्रेंटिसशिप, तिथे विद्यावेतन मिळतं. भुसावळला रेल्वेचं इलेक्ट्रिक लोको शेड आहे, दीपनगरला वीज केंद्र. रेल्वेत अप्रेंटिस निवडताना दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी बघतात, तिथे तुझे ७८ टक्के कामाला येतील. अप्रेंटिस म्हणजे कायमची नोकरी नव्हे, एवढं घरी आधीच सांगून ठेव. शिकायची हौस राहिली, तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सरकारी तंत्रनिकेतन जळगावलाही आहे, धुळ्यालाही.

आता कागदपत्रं. इथे मी स्वतः आपटलोय. बारावीनंतर उत्पन्नाचा दाखला मागल्या वर्षाचाच जोडला. अर्ज बाद, शिष्यवृत्ती गेली. ते वर्ष जळगावच्या एका डाळ मिलमध्ये काढलं. संध्याकाळी आरशात बघितलं की पापण्यांवर तुरीची पिवळी धूळ बसलेली असायची. पोती उचलायची ताकद होती, एक कागद नीट वाचायची अक्कल नव्हती. तेव्हा उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला याच आठवड्यात सेतूत टाक. बँक खातं आधारला जोडून घे, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे, पैसे तिथेच जमा होतात. आणि ते वेळेवर येतीलच असं धरून चालू नकोस. पहिले काही महिने रविवारी कापणीला जावं लागेल.

मामांवर रागावू नकोस, त्यांना घराचीच काळजी आहे. म्हणावं, दोन वर्षं थांबा, सुरतला इलेक्ट्रिशियनलाही काम असतं.

आज रात्री आबांशी बोल. सोमवारी त्यांचा एक खाडा पडला तर चालेल का विचार, उत्पन्नाच्या अर्जावर त्यांची सही लागेल.