युक्रेनमधल्या द्नीप्रो शहराची ओळख करून घेताय? मग इथून सुरुवात करा

आधी नकाशा उघडा. द्नीप्रो नदी जिथे दक्षिणेकडे वळते आणि समारा नदी तिला येऊन मिळते, तिथे दोन्ही काठांवर हे शहर पसरलंय. मुख्य वस्ती उजव्या, उंच काठावर.

जुने संदर्भ वाचताना नावांनी गोंधळू नका. एकातेरिनोस्लाव्ह, 1926 पासून द्नीप्रोपेत्रोव्स्क आणि 2016 पासून द्नीप्रो, तिन्ही एकच.

माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ पिवदेनमाश कारखान्याला द्या. सोव्हिएत काळात इथे क्षेपणास्त्रं बनायची, म्हणून 1987 पर्यंत परदेशी माणसाला शहरात पाऊल ठेवायला बंदी होती. एवढ्या मोठ्या शहराबद्दल त्या काळचं बाहेरच्यांनी लिहिलेलं इतकं कमी का सापडतं, ते इथे कळतं.

मेट्रो 1995 ची, एकच मार्ग, सहा स्थानकं. ती रेल्वे स्टेशनपासून पश्चिमेच्या कारखान्यांकडे जाते. मध्यवस्तीत पोचत नाही, तेव्हा तिच्यावरून शहराचा अंदाज बांधू नका.

यावोर्नित्स्की संग्रहालयातल्या दगडी मूर्तींचे फोटो मात्र नक्की बघा. गवताळ मैदानातल्या भटक्या टोळ्यांनी घडवलेल्या, पोटाशी हात जुळवून उभ्या. कोसॅकांच्या, म्हणजे इथल्या जुन्या लढवय्या घोडेस्वारांच्या, इतिहासाकडे त्यानंतर वळा.

आणि एक कळकळीची विनंती. 14 जानेवारी 2023 ला इथल्या एका निवासी इमारतीवर रशियन क्षेपणास्त्र पडलं, चाळीसहून जास्त माणसं गेली. युद्ध सुरू आहे तोवर प्रत्यक्ष जाण्याचा बेत आखू नका.